फ्रिजमधले दोन कॅन

माझ्या हातून नमुन्यांची अदलाबदल होणं शक्य नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतेय. आमच्या प्रयोगशाळेत दर सत्राच्या सुरुवातीला नवे विद्यार्थी येतात, तेव्हा लेबलं कशी लावायची हे त्यांना मीच शिकवते. ‘बाटलीवर आत काय आहे ते लिहू नका, कोड लिहा,’ असं मी सांगते. ‘आत काय आहे हे कळलं की माणूस आकड्यांत स्वतःच्या मनातलं वाचायला लागतो. कोड तटस्थ असतो!’ पोरं माना डोलावतात. एकदोघं लिहूनही घेतात.

त्यांनी ते पान फाडून टाकावं, अशी माझी विनंती आहे.

मी पीएच.डी. करतेय. विषय शेवाळ. डेअरीच्या मागे एक नाला वाहतो. त्याच्या पाण्यात शेवाळ वाढवायचं आणि शेवाळाकडून ते पाणी स्वच्छ करून घ्यायचं, अशी मूळ कल्पना. कल्पना सुंदर आहे. फक्त शेवाळाला ती पटलेली नाही. गेली दोन-अडीच वर्षं मी त्याला नाल्याचं पाणी पाजतेय आणि ते माझ्या डोळ्यांदेखत पिवळं पडून, तळाशी बसून, कोणतीही तक्रार न करता मरतंय. माझ्या टेबलाला ज्युनिअर मंडळी ‘आयसीयू’ म्हणतात.

सुट्टी लागताना सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, मला बोलावून घेतलं होतं. “नव्या सत्राच्या पहिल्या सेमिनारला काहीतरी हिरवं दाखव,” ते म्हणाले. “नाहीतर विषय बदलू आणि पहिल्यापासून सुरुवात करू.”

हे ऐकून मी खचले असते. पण खचायला वेळ मिळाला नाही, कारण त्याच आठवड्यात बाबांचे पाय सुजले.

एरवी सुट्टीत मी घरी जाते. या वेळी आई-बाबा माझ्याकडे आले. तिकडच्या डॉक्टरांना किडनीची शंका आली आणि त्यांनी इथल्या किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी बाबांच्या पिंढरीवर अंगठा दाबला, पडलेला खड्डा बराच वेळ भरेना, तो पाहिला आणि म्हणाले, “आधी चोवीस तासांची लघवी गोळा करून तपासू. मी बाहेरगावी जातोय. सोमवारी रिपोर्ट घेऊन या, तेव्हा रक्तही घेऊ.” एवढंच. जिना उतरताना आईने बाबांचा हात धरला. आमच्या घरात रस्ता ओलांडतानाही कोणी कोणाचा हात धरत नाही.

माझी खोली एकच. तिच्यातच एका बाजूला ओटा, एका बाजूला पलंग आणि मध्ये माझ्या कमरेएवढा फ्रिज. लॅबवाल्यांनी बाबांना पांढरा प्लास्टिकचा कॅन दिला आणि भरेपर्यंत तो थंड ठेवायला सांगितला. आता गंमत अशी, की तसाच एक पांढरा कॅन माझ्या फ्रिजमध्ये आधीच होता. आमच्या संस्थेची शीतखोली दुरुस्तीला निघाली होती, म्हणून नाल्याचं पाणी मी नियम मोडून घरी आणून ठेवलं होतं. दोन्ही कॅन एकाच दुकानातले. नाल्याचं पाणी गाळून घेतलं की फिकट पिवळसर दिसतं. दुसऱ्या कॅनमधल्या द्रवाच्या रंगाबद्दल मला काही सांगायला नको.

“अगं, हे दुधाशेजारी ठेवायचं?” आई दारातच थबकली.

“झाकण घट्ट आहे, आई.”

“झाकण घट्ट आहे, पण मला माहीत आहे ना आत काय आहे ते!”

“म्हणूनच मी त्यावर काही लिहीत नाहीये. फक्त कोड. हा ब-एक आणि हा न-चार. तू विसरून जा काय आहे ते.”

आई खरोखरच विसरली. माझं म्हणणं तिने आयुष्यात पहिल्यांदाच शब्दशः ऐकलं.

दुसऱ्या दिवशी चोवीस तास पुरे होऊन कॅन भरला, तेव्हा मी बाबांना घेऊन चक्कर मारायला गेले. बाबा विमा कंपनीतून निवृत्त झालेले. मृत्यूचे दावे खरे की खोटे हे तपासण्यात त्यांची सारी नोकरी गेली. त्यामुळे बागेत शेजारून कोणी धापा टाकत गेलं की ते हळूच म्हणायचे, “याचा हप्ता वाढवायला पाहिजे.” त्या दिवशी मात्र काही म्हणाले नाहीत. दोनदा बाकावर बसले.

परत आलो तर फ्रिज लखलखत होता! आईला साफसफाईचं व्यसन आहे. दुःख झालं की ती रडत नाही, घासते. माझा ओटा, माझ्या खिडक्या, बाथरूमच्या फरश्या असं करत करत ती फ्रिजपर्यंत पोचली होती.

“ते तुझे कॅन पण काढून साबणाने धुतले बाहेरून,” ती म्हणाली. “एकाच्या बुडाला केवढा चिखल होता! चिठ्ठ्या ओल्या होऊन निघाल्या, पण काळजी करू नकोस. खिडकीत वाळवल्या आणि परत चिकटवल्या. जशाच्या तशा.”

वाचकहो, तुम्हाला इथेच कळलं. तुम्ही शेवाळावर संशोधन करत नाही म्हणून कळलं. मी बाबांच्या पायांकडे बघत होते. “बरं केलंस,” असं मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ब-एक मी स्वतः लॅबमध्ये नेऊन दिला. मग न-चार घेऊन संस्थेत गेले, नेहमीप्रमाणे पाणी पातळ केलं, फ्लास्कमध्ये ओतलं, त्यात शेवाळ सोडलं आणि मनातल्या मनात त्याचा निरोप घेतला.

रिपोर्ट शनिवारी मिळाला. काउंटरवरच्या माणसाने पाकीट देताना माझ्याकडे निरखून पाहिलं.

“पेशंट कुठे ॲडमिट आहेत?”

“ॲडमिट नाहीत. घरी आहेत.”

“घरी?” त्याने आवाज खाली आणला. “शुद्धीवर आहेत?”

“मी निघाले तेव्हा चहा पीत होते.”

“चहा पीत होते,” तो शेजारच्या बाईला म्हणाला. तिने टाइप करणं थांबवलं. मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्याने मला बसायला खुर्ची दिली. त्या लॅबमध्ये पेशंटलासुद्धा कोणी खुर्ची देत नाही!

मी पायरीवर उभी राहून पाकीट फोडलं. प्रथिनं: मर्यादेच्या इतकी वर, की मशीनने आकडा द्यायचं सोडून नुसता बाण काढला होता. आणि क्रिएटिनिन: आढळलं नाही.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंमधून निघणारा कचरा. किडनी तो बाहेर टाकते. जिवंत माणसाच्या लघवीत तो नाही असं होतच नाही. हे मी प्रॅक्टिकलला शिकवलेलं आहे. एखाद्या विद्यार्थ्याने असा आकडा आणला असता तर मी त्याला विचारलं असतं, “बाळा, हा नमुना नक्की कोणाचा आहे?” पण तो नमुना दुसऱ्या कोणाचा असता तर! कागदावर बाबांचं नाव होतं. माझी सगळी पदवी पायरीवरून खाली घरंगळत गेली आणि मी तिथे नुसतीच एक मुलगी म्हणून उरले.

घरी जाऊन रिपोर्ट लपवायचा असं ठरवलं होतं. दारातच बाबांनी हात पुढे केला.

“आण.”

“बाबा, सोमवारी डॉक्टर...”

“शास्त्रज्ञबाई, मी असे रिपोर्ट तुझ्या जन्माआधीपासून वाचतोय. आण इकडे.”

त्यांनी चष्मा पुसला. कागद उजेडात धरला. मागची बाजूही पाहिली, कारण खोटे दावे बहुतेक मागच्या बाजूला पकडले जातात म्हणे. मग घडी घालून माझ्या हातात दिला.

“हा माणूस गेलेला आहे,” ते शांतपणे म्हणाले. “माझ्या टेबलावर आला असता तर मी त्याच दिवशी दावा मंजूर केला असता.”

“अहो, काहीतरी काय बोलता!” आई ओट्याकडून ओरडली.

“काहीतरी नाही. कागदपत्रं पूर्ण आहेत.”

 आईने मिठाची बरणी उचलली, खाली नेली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. बरणीसकट. मग भांडी घासायला घेतली. स्वच्छ होती ती.

बाबांनी आवराआवर सुरू केली. आपलं घड्याळ त्यांनी मला दिलं. घरच्या गॅसची टाकी कोणाच्या नावावर आहे, बाथरूमचा नळ कोणत्या बाजूला फिरवला की गळत नाही, वरच्या मजल्यावरच्यांशी कशावरून बोलायचं नाही, हे सगळं ते आईला समजावून सांगत होते. आई पाठमोरी उभी राहून भांडी घासत म्हणत होती, “मला माहीत आहे. नळ मीच फिरवते. तुम्हाला तो कधी जमला नाही.”

मग त्यांनी काकाला फोन लावला. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. त्याला कोणतीही गोष्ट हळू सांगितली तरी ती मोठ्यानेच ऐकू येते.

“दादा!” काकाचा हंबरडा फोनमधून अख्ख्या खोलीत पसरला. “दादा, माझ्याशी बोल!”

“बोलतोच आहे. फोन मीच केलाय.”

“दादा, माझी एक किडनी घे! आत्ता निघतो!”

“तुझी?” बाबांनी थोडा विचार केला. “तू माझी छत्री नेलीस ती अजून परत दिली नाहीस. आधी ती आण, मग किडनीचं बघू.”

काका रडता रडता हसला. बाबाही हसले. मग फोन कोणी ठेवेना. तेवढ्यात मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

रविवारी सकाळी सरांचा फोन.

“आत्ताच्या आत्ता ये.”

“सर, घरी जरा...”

“फोनवर सांगण्यासारखं नाही. ये!”

फ्लास्क फुटला असणार, किंवा वास सुटला असणार. बाबा म्हणाले, “जा. मी तू येईपर्यंत आहे.” ही त्यांनी दिलेली खात्री ऐकून माझ्या पायांत चपला शिरेनात.

प्रयोगशाळेत माझ्या टेबलाभोवती गर्दी होती. सर, विभागप्रमुख मॅडम, तीन ज्युनिअर, आणि रविवारी कधीही न दिसणारा भांडारपाल. मध्ये माझा फ्लास्क. हिरवागार! हिरवा म्हणजे असा, की पलीकडचा माणूस दिसू नये. शेवाळ काठोकाठ माजलं होतं. दोन-अडीच वर्षं उपाशी मरणाऱ्या त्या जिवाने आठवडाभरात संसार थाटून नातवंडं काढली होती.

“अभिनंदन!” सर म्हणाले. मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होते. दात छान होते त्यांचे. “यात काय वेगळं केलंस?”

“काही नाही, सर. न-चार. नाल्याचं पाणी.”

“बघा!” सर मॅडमना म्हणाले. “काय ही नम्रता!”

नम्रता कसली! मी मनात घरच्या गॅसच्या टाकीचं नाव बदलत होते. सरांनी उरलेलं न-चार मशीनला लावलं. आम्ही सगळे पडद्यासमोर उभे राहिलो. आकडे येऊ लागले.

“युरिया भरपूर!” सर म्हणाले. “म्हणून वाढलं! नायट्रोजन! आणि हे काय? क्रिएटिनिन? नाल्यात क्रिएटिनिन?” क्षणभर ते गोंधळले आणि मग त्यांचे डोळे चमकले. “गाई! डेअरीचा गोठा नाल्यात मिसळतोय! मॅडम, हा स्वतंत्र पेपर आहे. गोठा आणि शेवाळ!”

“गाई किती असतील?” मॅडमनी विचारलं.

“या आकड्यावरून सहज काढता येईल,” असं म्हणून सरांनी कागद ओढला.

मीही मनात गणित करत होते. सवयच आहे. एवढा कॅन, एवढं प्रमाण, म्हणजे दिवसाला एकूण इतकं. उत्तर आलं. ते गाईंच्या कळपाचं नव्हतं. ते एका मध्यम बांध्याच्या, वय झालेल्या, चहा पिणाऱ्या पुरुषाचं होतं.

खिडकीत वाळत घातलेल्या दोन चिठ्ठ्या डोळ्यांसमोर आल्या.

“सर,” मी म्हणाले, “हे बाबा आहेत.”

“कोण?”

“न-चार. न-चार म्हणजे बाबा!”

आणि मी हसायला लागले. मग रडायला लागले. मग दोन्ही एकदम. भांडारपालाने मला पाणी आणून दिलं. मी प्यायच्या आधी त्या ग्लासकडे सगळ्यांनीच जरा संशयाने पाहिलं.

मी सगळी हकीकत सांगितली. सरांच्या चेहऱ्यावरचा हिरवा रंग हळूहळू उतरला. “म्हणजे डेअरीचा नाला...” ते म्हणाले.

“तो किडनीच्या लॅबमध्ये गेला, सर. त्याची प्रकृती फार वाईट आहे.”

मी तिथूनच घरी फोन लावला. आईने उचलला.

“आई, त्या चिठ्ठ्या तू कोणती कुठे लावलीस?”

“जशाच्या तशा लावल्या!”

“पण तुला कसं कळलं कोणती कोणाची?”



“तूच म्हणालीस ना, विसरून जा म्हणून,” आई बारीक आवाजात म्हणाली. मग फोनपासून तोंड दूर नेऊन ओरडली, “अहो! तुम्ही नाही गेलात! तो नाला होता!”

बाबा फोनवर आले. मी त्यांना नीट समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले.

“म्हणजे दावा फेटाळला,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मला किंचित निराशा जाणवली. सगळी कागदपत्रं पूर्ण असताना असं कधी झालं नव्हतं. “घड्याळ परत आण.”

त्या संध्याकाळी आम्ही तिघं खूप हसलो. आईने नवीन मीठ आणलं. काकाला फोन केला, तर तो निम्म्या वाटेवर पोचला होता आणि गाडीतून उतरायला तयार नव्हता.

सोमवारी मात्र हसणं थांबलं. बाबांचा दुसरा कॅन दिला, रक्त दिलं. या वेळी कॅनवर मी ठळक अक्षरांत ‘बाबा’ असं लिहिलं होतं. लघवीतल्या क्रिएटिनिनवरून माणूस जिवंत आहे एवढंच कळतं. तो कितपत बरा आहे ते सांगायला रक्त लागतं. हे मला रविवारीही माहीत होतं, पण रविवारी मी कोणाला बोलले नव्हते. खरा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचला आणि त्यांच्या सवयीप्रमाणे कमी बोलले. किडन्या निम्म्याच्या आसपास काम करतायत. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं जपायचं. गोळ्या जन्मभर, मीठ जवळजवळ बंद, आणि दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी.

बाबांनी हा रिपोर्टही उजेडात धरून पाहिला. मागची बाजू पाहिली. त्यात काही चूक सापडते का, हे त्यांनी पहिल्यापेक्षा जास्त वेळ शोधलं.

“हा खरा आहे,” ते शेवटी म्हणाले. “पॉलिसी चालू राहील. पण अटी बदलल्या.”

आईने नवीन मीठ शेजारच्या खोलीतल्या मुलीला देऊन टाकलं.

सेमिनारही झाला. मी खरं ते सांगितलं. समिती हसली, मग गंभीर झाली, आणि त्यांनी मला एक सत्र वाढवून दिलं. विषय बदलायचा. पहिल्यापासून सुरुवात. बाहेर आल्यावर सर माझ्याबरोबर जिन्यापर्यंत चालत आले. काहीतरी धीराचं बोलतील असं वाटलं.

“वाढ मात्र अप्रतिम होती,” ते म्हणाले. “पण एकाच माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही.” दोन पायऱ्या उतरून ते थांबले. “घरी अजून कोण कोण असतं?”

आई-बाबा परत निघाले त्या सकाळी मी पिशव्या दारात आणून ठेवत होते. आई खोली शेवटची झाडून घेत होती. बाबा हळूच माझ्याजवळ आले. त्यांची पायताणं अजून घट्टच होत होती. फ्लास्कची सगळी गोष्ट त्यांनी माझ्याकडून तीनतीनदा ऐकली होती. शेवाळ किती हिरवं झालं, ते पलीकडचा माणूस दिसत नव्हता तिथपर्यंत. निवृत्त झाल्यापासून त्यांचा कोणाला काही उपयोग झाल्याची ही पहिलीच बातमी असावी.

“ऐक ना,” ते आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले. “तुझं शेवाळ आता काय खाणार? गाडीला वेळ आहे. जाण्याआधी एक कॅन भरून ठेवू का?”

मी शास्त्राची विद्यार्थिनी आहे. समितीची परवानगी, संमतीपत्र, संशोधनाची नीती, हे सगळं मला पाठ आहे. आणि समोर माझा बाप सुजलेल्या पायांवर उभा होता.

मी ‘नको’ म्हटलं. पण म्हणायला जेवढा वेळ लावला, तेवढ्यात आईने झाडू खाली ठेवून कॅन धुवायला घेतला होता.